नवे स्पार्क प्लग किती आवळावेत? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग मी घरीच बदलणार असून, इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने आटे जातील याची मला धास्ती वाटते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग हातानेच टेकेपर्यंत फिरवायचा आणि मगच पाना लावायचा, हे माहीत आहे. टॉर्क रेंच (ठरावीक जोर मोजून आवळायचा पाना) नसल्यास, नव्या वॉशरचा १४ मिमी प्लग टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा देतात, तेवढा अंदाज पुरेसा आहे का? काही मेकॅनिक आट्यांना ग्रीस लावायला सांगतात. त्याने प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, म्हणून मला ते पटत नाही. शिवाय तिसऱ्या प्लगच्या खोबणीत तेल साचले आहे. ते सिलिंडरमध्ये न जाऊ देता कसे काढावे, आणि आधी तिथले सील बदलावे का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.