एमए मास कम्युनिकेशन: प्रबंधासाठी दैनिकाचे किती अंक घ्यावेत?

प्रश्न: एका दैनिकातल्या वर्षभराच्या आरोग्यविषयक बातम्यांचं आशय विश्लेषण (मजकूर ठरावीक गटांत मोजून तपासणं) करायचंय. सगळे ३६५ अंक झेपणार नाहीत. सलग दोन आठवडे घेतले तर चालेल?

उत्तर १: सलग नकोच. नेमकी तेव्हा साथ आली की आकडे फुगतात. वर्षभरातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक, मंगळवारांतून एक, असा आठवडा जुळवा. असे दोन आठवडे, म्हणजे १४ अंक, साधारण पुरतात. रविवारची पुरवणी धरणार का, ते आधीच ठरवा.

उत्तर २: खरी गोची कोडिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक बातमी कोणत्या गटात टाकायची ते ठरवण्यात. दहा टक्के बातम्या दुसऱ्याकडून स्वतंत्रपणे कोड करून घ्या आणि क्रिपेनडॉर्फचा अल्फा (दोघांचं कोडिंग किती जुळतं ते सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) काढा. ०.८० तरी हवा. 'सकारात्मक सूर' असली ढगळ व्याख्या असेल तर हमखास घसरतो.

प्रश्नकर्ता: ०.७ आला तर?

उत्तर २: व्याख्या घट्ट करा, मग नव्या बातम्यांवर तपासा. जुन्याच घेतल्या तर पाठांतर होतं!