‘जिसून’ला मराठीत काय म्हणावं?

चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल युआन घराण्याच्या दरबारी पोशाखांवर लेख लिहिते आहे. कुबलाई खानाच्या मेजवान्यांत घालायच्या ‘जिसून’साठी आधी ‘गणवेश’ लिहिलं, पण ते खुपतंय. मूळ मंगोल शब्दाचा अर्थ रंग. ठरलेल्या दिवशी खानासकट सगळा दरबार एकाच रंगात. दुसरा शब्द सुचतो का?

— ‘गणवेश’ नकोच. रंग एक असला तरी कापड हुद्द्याप्रमाणे बदलायचं. ‘युआनशी’त, म्हणजे युआन घराण्याच्या अधिकृत चिनी इतिहासात, बादशहाचे हिवाळी जिसून 11 प्रकारचे आणि उन्हाळी 15 प्रकारचे दिलेत. पार वाजंत्री आणि पहारेकऱ्यांनाही जिसून असायचा, पण साधा. रंगावरून दरबारचा माणूस ओळखू यायचा, पोतावरून त्याची पायरी. मी ‘वस्त्रे’ म्हणेन. 1761 मध्ये माधवरावांना साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळाली, असं आपण म्हणतो तेव्हा कापडापेक्षा अधिकारच डोळ्यांपुढे येतो.

— ‘वस्त्रे’ चांगला आहे, पण त्यात पदावर नेमणूक होते. जिसून मेजवानीचा. माझं मत ‘शिरपाव’ला. आज आपण तो नुसत्या बक्षिसासाठी वापरतो, पण मुळात तो फारसी ‘सरापा’, डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. जिसून अगदी तसाच: झग्याच्या कापडाला जुळणारी टोपी आणि, मार्को पोलो सांगतो त्याप्रमाणे, सोन्याचा कमरपट्टा नि जोडेही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे खानाने 12,000 जणांना प्रत्येकी 13 पोशाख दिले होते. ‘खिलत’ही आठवला होता, पण त्याचा अरबी धातू अंगावरून उतरवण्याचा आहे. धन्याने स्वतःचा झगा काढून द्यावा, ही कल्पना इथे लागू नाही.

‘एकरंगी शिरपाव’ लिहिते मग! रंगही राहतो. सर्वांत भारी कापड ‘नसीज’, त्याला ‘किनखाब’ चालेल?

— कृपा करून नसीजच ठेवा. किनखाब म्हटलं की आपल्याला जरतार दिसते, रेशमावर गुंडाळलेली चपटी धातूची तार. नसीजचं सोनं वेगळं: पातळ कातड्यावर किंवा कागदावर वर्ख चिकटवायचा, त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या, त्या तशाच किंवा धाग्यावर गुंडाळून विणायच्या. शिवाय शब्द अरबी, अर्थ ‘विणलेलं’. मंगोलांनी हेरातचे विणकर उचलून बेशबालिकला (आजच्या शिनजियांगमध्ये) वसवले, मध्य आशियातले कारागीर चीनपर्यंत नेले. त्यांच्या कापडाचं हे नाव चिनी दप्तरांतही ‘नाशिशी’ असं टिकलं. विणकरांचं गाव गेलं, शब्द राहिला. तो आपण तरी पुसू नये.