मशीन दोरा खातं की ओकतं?

कच्चा_टाका: शब्दांची मदत हवी आहे. आमच्या गटात नव्याने शिवण शिकणाऱ्या बायकांसाठी दोन पानी पत्रक लिहितेय, मशीन अडलं तर मेकॅनिकला बोलावण्याआधी घरी काय बघायचं. समोर इंग्रजी पुस्तिका आहे. तिच्यात जिथे 'टेन्शन' आलं तिथे मी मोठ्या अभिमानाने 'ताण' लिहिलं. 'कापडाखाली दोऱ्याचं जाळं होत असल्यास वरचा ताण वाढवा.' पहिल्याच दिवशी एक काकू मशीनखाली वाकून चामडी पट्टा उतरवून बसल्या. म्हणे ताण पट्ट्याला असतो, तो ढिला झालाय, बोटभर कापून पुन्हा तार घालते. त्यांचं काय चुकलं?

दुसरं म्हणजे ते खालचं जाळं. आमची आजी म्हणायची, 'मशीन दोरा खातंय.' तसं लिहिलं तर सोबतची मैत्रीण म्हणते, खाणं म्हणजे पातळ कापड दात्यांत ओढलं जातं ते. दोऱ्याला 'ओकतंय' म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?

सांगलीची_सून: आमच्याकडं सासूबाई 'गुंतवळ झालं' म्हणतात. खाणं नाही आणि ओकणं नाही.

बोरूबहाद्दर: गुंतवळ केसांचं असतं हो. फणीला निघतं ते. दोऱ्याचा गुंता.

सांगलीची_सून: उलटं करून बघा एकदा ते कापड, मग सांगा केसांसारखं दिसतं का नाही. आमच्या गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई यायची. आजेसासूंनी म्हणे एकदा मशीनमधलं काळं गुंतवळ तिच्या पिशवीत सरकवलं होतं. वाटीसुद्धा मिळाली नाही, ते सोडा.

जुना_कारागीर: शब्द मागाहून ठरवा. ताई, आधी ते वाक्य खोडा. नव्या बाईला 'वरचा ताण वाढवा' सांगितलंत तर ती स्क्रू पिळत बसेल आणि दोरा तुटायला लागेल. दुकानात बत्तीस वर्षं हेच बघितलं. जाळं खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिनची, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची, डबी उघडतात, पण चूक बहुतेक वेळा वर असते. दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली टाकलेला असतो. फूट खाली असला की टेन्शनच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्या मध्ये शिरतच नाही, नुसता कडेवर बसतो. मग वरून त्याला धरणारं कोणी नाही, सुईबरोबर हवा तेवढा खाली उतरतो आणि साठतो. फूट उचला, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. एवढ्यावर निम्मी मशीनं माझ्याकडून पैसे न देता परत गेली आहेत.

तरी होत असेल तर सुई बघा. तिच्या एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्या बाजूने ओवायचा. चपटी बाजू त्याच्या समोर. उलटी बसली तर टाके सुटणारच. आणि साध्या सुती कापडाला 14 नंबर लावा, 16 नंबर जाड कापडाला.

बॉबिनच्या डबीचा बारीक स्क्रू सगळ्यात शेवटी. डबी दोऱ्याला धरून लोंबकळत सोडा, हलका झटका द्या. थोडी उतरून थांबली तर ठीक. धाडकन खाली आली तर ढिली आहे.

कच्चा_टाका: काका, हे जसंच्या तसं टाकते. पण तुम्हीसुद्धा 'टेन्शन' लिहिलंत!

जुना_कारागीर: मग काय लिहू? टेन्शनला टेन्शनच म्हणतात. गिऱ्हाईक सांगतं, 'काका, मशीनला टेन्शन आलंय.' मी म्हणतो, ठेवून जा, मी घेतो.

शुद्धमती: हेच दुखणं आहे. टेन्शन, बॉबिन, फूट, टेबलावर मराठी म्हणून उरलं काय? 'शिवणयंत्र' हा सुंदर शब्द आहे, 'ताण' आहे, 'दाबपाय' करता येईल. काकू पट्ट्याकडे वळल्या कारण शब्द एकटा लिहिला. 'दोऱ्याचा ताण' लिहा, गोंधळ संपेल.

बोरूबहाद्दर: दाबपाय! काकू आता स्वतःचा पाय दाबून घेतील.

शुद्धमती: थट्टा सोपी असते. मोल्सवर्थचा मराठी शब्दकोश उघडून बघा, शिवणाचे किती शब्द आपण टाकून दिले.

बोरूबहाद्दर: दुसरी आवृत्ती 1857 ची. तेव्हा तुमच्या आळीत किती शिवणयंत्रं होती? 'पायडल' घ्या. इंग्रजी शब्द आमच्या बायकांनी असा घासून घेतला की त्यात 'पाय' दिसायला लागला. गंमत म्हणजे तो खरंच आहे. पेडलच्या मुळाशी लॅटिनमधलं पाऊल, आणि ते आपल्या 'पाद'चं, म्हणजे 'पाय'चं चुलत भावंड. कोणा समितीने पायडल घडवला नाही.

कच्चा_टाका: छान आहे हे, पण खातं की ओकतं?

वऱ्हाडी_ठेचा: आमच्या इकडे तर 'मशीन धागा खाऊन राहिली' म्हणतात. खातेच.

शुद्धमती: ते मशीन. आणि दोरा. धागा ही हिंदीची लागण.

वऱ्हाडी_ठेचा: मंग पोलिसांना 'धागेदोरे' कुठून गवसतात जी? आणि आपण हे जिथे लिहून राहिलो त्याला काय दोरा म्हणता?

बोरूबहाद्दर: 😂 दोरा वर काढतो.

नेढ्यातून: इतकं बोललात पण माझा लाडका शब्द कुणीच काढला नाही. सुईचं नेढं! राजगडाच्या सुवेळा माचीवर तेच, रतनगडावर तेच, डोंगराला आरपार भोक. माझी अटकळ अशी की डोंगराचं नाव सुईवरून पडलं. आणि हातसुईचं नेढं बुडाशी, मशीनच्या सुईचं टोकाशी. 1846 साली एलियास हाव यांना अमेरिकेत मशीनचं पेटंट मिळालं, त्यात टोकाशी नेढं असलेली सुईच तर होती.

सांगलीची_सून: सुई कशाला, आधी भोक दिसलं असेल डोंगराला. डोंगर जुना का सुई?

नेढ्यातून: डोंगर जुना, पण बघणाऱ्या बाईच्या हातात सुई होती की!

शुद्धमती: 'शिवणे'ही असाच घोटाळ्याचा. संस्कृत सीव्यति वरून आलेलं एक, आणि कावळा शिवतो ते दुसरं. लहानपणी 'शिवाशिवी' खेळात सुई-दोरा का नसतो हे मला कळायचं नाही.

जुना_कारागीर: ताई, काकूंनी पट्टा कापला का हो शेवटी?

कच्चा_टाका: कापला. आता इतका ताठ झालाय की पायडल मारताना घोटे दुखतात. नवीन आणायला दिलाय. तुमचं फूट उचलायचं मात्र लागू पडलं, त्यांचं जाळं दोन मिनिटांत गेलं. पत्रक उद्या छापायला जातंय. 'टेन्शन' ठेवलंय, पुढे 'दोऱ्याची चकती' लिहून बाण काढलाय. शुद्धमतीताई, रागावू नका. आणि मैत्रिणीपुढे हार मानली, 'मशीन खालून दोरा ओकतं' असं लिहिलंय.

वऱ्हाडी_ठेचा: ओकते. मशीन ओकते.