सासूबाईंच्या खोलीला क्रीम की पिस्ता? मदत हवी आहे

मंडळी, ऐरोलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंची खोली रंगवायला काढलीय, पुट्टी-प्रायमर झालंय आणि शेड काही ठरत नाहीये. फिकट क्रीम आणि फिकट पिस्ता, दोनच उरलेत.

खोली 10 बाय 10, खिडकी एकच, तीही उत्तरेला आणि समोर बिल्डिंग, म्हणजे ऊन येतच नाही. दिवसा जो काही उजेड असतो तो निळसर, त्यात पिस्ता एकदम थंड आणि मळकट दिसतो, क्रीम छान उबदार वाटतो. रात्री 6500 केल्विनची पांढरी ट्यूब लावली की उलट, क्रीम पांढराफटक आणि पिस्ता मस्त खुलतो. सॅम्पल चार्ट पेपरवर दोन-दोन हात मारून घेतलेत, कोपऱ्यात, पलंगामागे कुठेही धरून बघता येतात (शेड कार्डाच्या एवढ्याशा तुकड्यावरून खरंच कोणी रंग ठरवू नका).

पण खरा प्रश्न त्यांच्या डोळ्यांचा आहे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं बाकी आहे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं ना, तर एकेक डोळा झाकून बघितल्यावर त्या म्हणाल्या, डाव्याने क्रीम जुन्या तुपासारखा दिसतो आणि उजव्याने स्वच्छ. म्हणजे दुसरं ऑपरेशन झालं की आत्ता पसंत केलेला रंग त्यांना वेगळाच दिसणार!

शिवाय स्विचबोर्ड पांढरा. रात्री बाथरूमला उठल्या की पॅसेजमधल्या झिरो बल्बच्या उजेडात तळहाताने भिंत चाचपत बटण शोधतात. क्रीमचा कागद बोर्डामागे धरला तर बोर्ड दिसेनासा होतो, पिस्त्यावर लगेच उठून दिसतो. त्यांना विचारलं तर म्हणतात, "तुम्हाला आवडेल तो लावा". पण दिवसभर तिथे त्याच असतात, मला त्यांच्या सोयीचाच हवाय.

तीन भिंती क्रीम आणि बोर्डाची एक पिस्ता केली तर एवढ्याशा खोलीत तुकडे वाटतील का? की सगळाच पिस्ता लावून ट्यूब 4000 केल्विनची (आत्ताच्यापेक्षा जरा पिवळसर उजेडाची) घेऊ? उत्तरेच्या खोलीत कोणी पिस्ता लावला असेल तर दिवसाचा फोटो टाका प्लीज. आणि फिनिश मॅट (बिनचमकेचं) की सॅटिन (हलक्या चमकेचं)? हाताचे डाग पुसता यायला हवेत. पेंटरला दसऱ्याच्या आत संपवायचंय, दिवाळीच्या गर्दीत तो परत मिळायचा नाही, त्यामुळे शनिवारपर्यंत शेड सांगायचीय.