जेसीबी-पोकलेनचं सर्टिफिकेट : नागपुरात पैसे भरण्याआधी काय बघावं?

बुटीबोरीची_ताई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ 22 वर्षांचा आहे. बारावीनंतर एका ठेकेदाराकडे हेल्पर लागला, बघता बघता जेसीबीवर बसायला लागला, आता एकटा चालवतो. कागद म्हणाल तर फक्त कारचं लायसन्स. उमरेडकडे कोळसा खाणीत मातीकाम घेतलेल्या एका ठेकेदाराकडे पोकलेनवर जागा निघाली आहे, ते सर्टिफिकेट मागतात. शहरातली एक संस्था 15 दिवसांत देतो म्हणते, फी 28 हजार. आई भिशीचे पैसे उचलायला तयार आहे. भरावे का? घरात या कामातलं कोणालाच कळत नाही.

टिप्परवाला_हिंगणा
आधी आरटीओचं उरकून घ्या. जेसीबी रबरी टायरवर रोडनं जाते, तिला नंबर प्लेट असते, म्हणून ऑपरेटरला लायसन्स लागतंच. लोडर-एक्स्कॅव्हेटरचा वर्ग लायसन्सवर वेगळा चढवता येतो. बुटीबोरीला तुमचं आरटीओ ग्रामीण, एमएच 40. अपघात झाला की विमावाले आधी लायसन्स बघतात.

काळी_माती
ताई, आईचे पैसे सध्या तिथंच राहू द्या. मी पोकलेन चालवत होतो, आता साइटवर नवीन ऑपरेटर तपासून घेतो. रोज कागद बघतो, म्हणून सांगतो.

भावाला काम येतं. त्याच्यासाठी आरपीएल आहे, म्हणजे येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत उमेदवाराला त्याची फी नसते. या मशीनांची सेक्टर स्किल कौन्सिल, म्हणजे या कामाची सर्टिफिकेट देणारी संस्था आहे, इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल काउन्सिल. संस्थेला सरळ विचारा, सर्टिफिकेटवर कौन्सिलचं नाव येणार की फक्त तुमचा शिक्का? बॅच कुठं आहे ते स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर शोधा. आणि बॅकहोचं, म्हणजे जेसीबीचं सर्टिफिकेट वेगळं, एक्स्कॅव्हेटरचं, म्हणजे पोकलेनचं वेगळं. त्याला जागा पोकलेनवर आहे, हे विसरू नका.

खाणीचं तर निराळंच. तिथं आधी मेडिकल, मग 1966 च्या नियमांप्रमाणे व्हीटी (खाणकामाचं व्होकेशनल ट्रेनिंग), आणि कोणती मशीन चालवायची त्याचं खाण मॅनेजरचं लेखी ऑथरायझेशन. बाहेरून कितीही भारी सर्टिफिकेट आणलं तरी यातलं काहीच सुटत नाही. ठेकेदाराला विचारा, तुम्हाला नेमका कोणता कागद हवा? बरेचदा तो लायसन्स आणि व्हीटीबद्दलच बोलत असतो.

आता हाताचं. जेसीबीवरून पोकलेनवर आलेल्या पोराचा हात पहिले काही दिवस फसतो. काही मशीनमध्ये बूम (केबिनजवळचा मोठा हात) उजव्या लीव्हरवर आणि आर्म (बकेटकडचा पुढचा हात) डाव्या, काहींमध्ये नेमकं उलटं. नवीन मशीनवर बसला की मोकळ्या जागेत, आसपास माणूस नसताना, लीव्हर हळूहळू हलवून बघायचा. मग खोदायला घ्यायचं.

मी परीक्षा घेतो तेव्हा पोराला लगेच सीटवर बसवत नाही. मशीनभोवती एक चक्कर मारायला लावतो. इंजिन ऑइलची काडी काढून बघतो का? हायड्रॉलिक पाइपाखाली ओल दिसली तर थांबतो का? पिनांना ग्रीस कधी मारलं ते सांगता येतं का? मग टिप्पर भरायला लावतो. भरलेली बकेट ड्रायव्हरच्या केबिनवरून नेली की मी तिथंच थांबवतो. शेवटी बकेट जमिनीला टेकवून, इंजिन थोडा वेळ आयडलवर ठेवून बंद करतो का, तेही बघतो. एवढं नीट करणाऱ्या पोराला मी ठेवून घेतो.

आणि आपल्याकडची काळी माती! उन्हाळ्यात दगडासारखी, भेगा पडलेली, पावसात लोण्यासारखी. पाऊस पडून गेल्यावर नालीच्या काठाला मशीन लावायची नाही, आणि दीड मीटरपेक्षा खोल नालीत आधार लावल्याशिवाय मजूर उतरू द्यायचा नाही. मुकादम घाई करतो, करू द्या. भावाला हे आजच सांगा, सर्टिफिकेट मागाहून येईल.

बुटीबोरीची_ताई
दादा, खूप आभार. संस्थेला फोन केला. सर्टिफिकेट त्यांचंच. मशीन एक, बॅचला 20 मुलं, मशीन रोज 4 तास चालते.

काळी_माती
15 दिवसांचे 60 तास, म्हणजे एका पोराच्या वाट्याला 3 तास. तेवढं तर तो आताच्या साइटवर जेवायच्या सुट्टीआधी चालवतो.

बुटीबोरीची_ताई
नाही भरत. ठेकेदारालाही विचारलं, तुम्ही म्हणाले तेच, लायसन्स आणि व्हीटी. मेडिकलला काय बघतात?

काळी_माती
डोळे, कान, छातीचा एक्स-रे, श्वासाची तपासणी. चष्मा असेल तर सोबत न्यायला सांगा. आणि लायसन्सचा अर्ज याच आठवड्यात टाका, त्यात वेळ जातो.