विषय: चोर्ल्याच्या कड्यावरून अंजुण्याच्या पाण्यापर्यंत उतरण्याबाबत

प्रेषक: सहल समिती, आखात

सप्रेम नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या सुट्टीत मंडळाचे १४ जण गोव्यात असतील. त्यांत १२ ते १५ वयाची तीन मुले. चोर्ला घाटातून खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसते. तिथवर ओढ्याच्या नाळेने उतरायचे, काठावर जेवायचे आणि संध्याकाळपर्यंत त्याच वाटेने वर यायचे, असा बेत आहे. सकाळी दहाला निघालो तर जमेल का? दोर किती लांबीचा आणावा? सत्तरी-डिचोलीकडच्या सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

प्रेषक: साखळीहून

ताई, नमस्कार.

दोराच्या आधी बेताविषयी बोलतो. घाटातून पाणी हाताशी असल्यासारखे दिसते, पण धरण काठोकाठ भरले तरी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ९३ मीटरच्या आसपास असते आणि घाटमाथा ७०० मीटरच्या वर आहे. म्हणजे ६०० मीटरहून जास्त उतार. अनघड उतारावर मुलांसकट १४ जणांचा गट तासाला २०० मीटर उतरला तरी चाल चांगली म्हणायची. उतरायला तीन तास, जेवण एक तास, आणि चढाई चार तासांच्या खाली धरू नका. दहाला निघालात तर सहाला तुम्ही अजून चढत असाल, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. झाडीत अंधार त्याआधीच होतो.

त्यात हा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत सावली असते, दुपारी दोननंतर ऊन थेट पाठीवर येते. तुमच्या बेतात सकाळची सावली निघण्याआधीच संपते आणि चढणे ऐन उन्हात पडते. सगळी ताकद लागते तेव्हाच पाणी संपलेले असते.

आता नाळेविषयी. सत्तरीत आम्ही व्हाळ म्हणतो. नकाशावर ती सरळ पाण्याला जाऊन मिळते म्हणून मोह पडतो. पण या भागाच्या माथ्यावर जांभा आणि त्याखाली लाव्हाचे काळे थर एकावर एक बसलेले आहेत. पाणी थराच्या कडेवरून उडी घेत जाते, त्यामुळे नाळेत पायऱ्या पडतात: काही कमरेएवढ्या, काही दोन पुरुष उंच. डिसेंबरात त्या कोरड्या दिसतात, बसून घसरत सहज उतरता येतात. खाली आल्यावर कळते की त्याच गुळगुळीत कातळावर परत चढायला हाताला धरच नाही. पुढची पायरी त्याहून मोठी निघाली तर माणूस मधोमध अडकतो, ना वर ना खाली. म्हणून नियम एकच: जो टप्पा परत चढून येता येईल याची खात्री नाही, तो उतरायचा नाही. पहिल्याने उतरून लगेच परत चढून दाखवावे, मग बाकीच्यांनी जावे.

दोराचे उत्तर यातच आले. दोराशिवाय उतरता येत नाही असा टप्पा लागला तर तिथून मागे फिरा. मुलांना घेऊन तो टप्पा तुमच्यासाठी नाही.

उतरायचेच असेल तर नाळ सोडून दोन नाळांमधल्या सोंडेने, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेने उतरा. ढोरवाटा आणि जुन्या पायवाटा सोंडेवरूनच जातात, त्यामागे कारण आहे. सोंडेवर पाणी साचत नाही, दगड वरून गडगडत येत नाहीत आणि कुठे आहोत ते दिसत राहते. तिथला त्रास वेगळा, घसाऱ्याचा. मुरमावर वाळलेल्या पानांचा थर असतो, पाय पानांवर पडतो आणि खालचा दगड सरकतो. गुडघे थोडे वाकवून, पाय किंचित आडवा टाकत, लहान पावले घ्या. दोन माणसांत चार-पाच मीटर अंतर, आणि कोणीही कोणाच्या बरोब्बर खाली उभे राहू नये. दगड सुटला की सगळ्यांना ऐकू जाईल असे ‘दगड!’ ओरडायचे. ज्याच्या पायाखालून सुटला त्याने सॉरी म्हणत बसू नये, आधी ओरडावे.

शेवटी परवानगी. हा डोंगर म्हादई अभयारण्याच्या क्षेत्रात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. मार्च २०२३ मध्ये इथे जंगलात वणवे पेटले होते, त्यानंतर तपासणी कडक झाली आहे. परवान्यासाठी वाळपईच्या वनखात्याच्या कचेरीत आधीच विचारा आणि वाटाड्या तिथूनच घ्या. ओळखपत्र प्रत्येकाचे सोबत हवे. स्टोव्ह, शेकोटी, सिगारेट काहीही नको. धरणाचा बांध जलस्रोत खात्याच्या ताब्यात आहे, त्यावर जायची मुभा गृहीत धरू नका.

---

प्रेषक: वाळपईहून

साखळीकरांचे सगळे पटले. त्यात एक जोडते, कारण परदेशातून येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तुमच्या सहलीचा. चावणारी गोचीड बहुधा पिल्लाच्या अवस्थेतली, खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावलेले कळतही नाही.

पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, आणि मोजे पँटवरून ओढून घ्या. कपडे फिक्या रंगाचे असावेत, म्हणजे गोचीड दिसते. मोज्यांच्या तोंडाशी, घोट्यांना, मानेला गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल किंवा डीटचे मलम लावा आणि घामाने जाते म्हणून दर तीन-चार तासांनी परत लावा. जेवायला पाचोळ्यावर बसू नका, उघड्या कातळावर बसा. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. मुक्कामी पोहोचलात की कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण, कानामागे एकमेकांचे नीट तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. चुरडायची नाही, तेल किंवा काडी लावायची नाही.

चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोके आणि अंग ठणकणे सुरू होऊ शकते. तोवर तुम्ही आखातात परतलेले असाल आणि तिथल्या डॉक्टरांच्या मनात हा आजार येणारच नाही. त्यामुळे ‘गोव्याच्या जंगलात होतो’ हे आपणहून सांगायचे.

दुसरे म्हणजे व्हाळाकाठच्या झुडपांवर चापडा हा विषारी साप असतो. हिरवा, तपकिरी, पानांत मिसळून जाणारा, आणि नेमका हाताच्या उंचीवर. उतरताना तोल सावरायला फांदी धरण्याआधी तिच्याकडे बघा. आपल्याकडची सर्पदंशाची लस त्याच्या विषावर उपयोगी नाही, तरी दवाखान्यात जायचेच: अवयव हलवू नका, कापू नका, आवळून बांधू नका, १०८ ला फोन करा. झाडीत रेंजचा भरवसा नसतो. फोन कुठे लागतो ते उतरण्याआधी पाहून ठेवा.

---

प्रेषक: सहल समिती, आखात

काका, ताई, फार आभारी आहोत. नाळेचा बेत सोडला. दोन शंका उरतात: मुलांना पाण्यात उतरू द्यायचे का, आणि प्यायला वाटेत पाणी मिळेल का?

---

प्रेषक: साखळीहून

पाण्यात अजिबात नको. जलाशयाचा काठ म्हणजे बुडालेला डोंगर-उतारच, नदीसारखे हळूहळू खोल होत नाही. दोन पावलांत गुडघा, चौथ्याला गळा. पातळी उतरली की काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळून भेगाळलेला, आत मऊ. पाय मांडीपर्यंत रुततो आणि ओढायला गेले की दुसराही रुततो. त्याखाली जुन्या झाडांचे बुंधे असतात. शिवाय हे लोकांच्या नळाला जाणारे पाणी आहे.

प्यायचे पाणी माणशी तीन लिटर घेऊनच निघा. व्हाळाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळल्याशिवाय नको, आणि जंगलात चूल पेटवायची नाही म्हणजे तो प्रश्नच मिटला. त्यातल्या एका लिटरमध्ये चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ठेवा. कोकम सरबत जिभेला बरे, पण घामाने गेलेले मीठ त्याने पुरते भरून निघत नाही.

बेत असा करा. मुक्काम साखळी किंवा वाळपईला. सकाळी सातला घाटाच्या पायथ्याच्या केरी गावाच्या बाजूने, वाटाड्या नेईल त्या वाटेने सावलीत चढायला लागा. १५० ते २०० मीटर चढलात की पुरे, तिथून जलाशय घाटातल्यापेक्षा खूप जवळून दिसतो. अकराला जिथे असाल तिथून मागे. चढ आधी, उतार नंतर, आणि कोणी दमले तर गाडी खालीच उभी आहे. माथ्यावरून उतरायची हौस असलेल्या चार-पाच मोठ्यांनी दुसऱ्या दिवशी वाटाड्यासोबत फक्त उतरावे, गाडी खाली बोलवावी. चढून परत यायचे मनातही आणू नका.

अवकाळी पाऊस झाला असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही जाऊ नका. जांभा लवकर सुकतो, काळ्या कातळावरचे शेवाळ सुकत नाही.

कॅनव्हासचे किंवा सपाट तळव्याचे बूट नकोत, खोल नक्षीचा तळवा हवा. नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि महिनाभर घालून फिरा. इथे आल्यावर घेतले तर उतारावर अंगठ्याची नखे काळी पडतील. परवान्यासाठी नावांची यादी पाठवाल तेव्हा मुलांची वये त्यात लिहा.

देव बरे करो.