दादर, चादर, बादर… मुलांशी खेळलेले शब्दखेळ

लोकलवाली
आज लेडीज डब्यात ४ वर्षांची चिमुरडी समोर. 'पुढील स्टेशन दादर' ऐकलं आणि सुरू झाली: दादर, चादर, बादर! आईने विचारलं, "बादर म्हणजे काय गं?" तर म्हणे, "चादरीचा भाऊ." मला आमची गिरगावातली चाळ आठवली. आजी सुपात डाळ पाखडायची, मी शेजारी. ती डाळ, मी माळ, ती बाळ, मी टाळ. अडले की एक खडा मी वेचायचा. तेव्हा मला अक्षरओळखही नव्हती, नुसते कान. तुम्ही मुलांशी काय खेळता?

ठाण्याची आई
ठाणे, गाणे, दाणे, नाणे! लेकाला आधी जमेना. मग ताटलीत दोन शेंगदाणे ठेवले. 'ठा'ला पहिला, 'णे'ला दुसरा. पहिला उचलून तिथे राजमा ठेवला, 'गा'. बोट ठेवून म्हणाला, "गा-णे." तेव्हा कळलं त्याला.

भाजीवाली पिशवी
कुकर लावलाय, नंतर लिहिते. तोवर परळ-सरळ घ्या

बालवाडीताई
'मा' काढून 'बा' ठेवायला मुलांना सोपं जातं, कारण आपल्याला अक्षर अख्खंच ऐकू येतं. 'मा'तला नुसता 'म्' काढायला सांगितला की अडतात. त्याची घाई नको. आधी तोंडीच खेळा, पाटी नंतर. आणि बादरला चूक म्हणू नका. आवाज बरोबर बदलला ना, मग झालं.

खारची मावशी
ताई, हे आधी कळायला हवं होतं. भाचीने शाळेत असाच शब्द केला तर वहीत लाल फुली. पोर किती दिवस खेळायलाच तयार नव्हती. फार वाईट वाटलं.

आबा
नातवाने विचारलं, ळ पहिला का नाही? म्हटलं, बाळा, आपल्यात ळ आणि ण ने शब्द सुरूच होत नाही. तर म्हणतो, मग मी करतो. दिवसभर ळाळ, ळाळ!

ठाण्याची आई
आबा 😂 च-ज चं काय करता?

बालवाडीताई
'जग' म्हणजे दुनिया आणि 'तू जग' मधला जग. लिहायला एक, आवाज दोन. "जेवणातला ज की जाळ्यातला?" विचारा, मुलं बरोबर सांगतात.

भाजीवाली पिशवी
आले. लोकलवाली, गिरगावात कुठे गं? माझं माहेर ठाकूरद्वार

लोकलवाली
अगं, फणसवाडी! ते सूप अजून आहे माझ्याकडे. कडा नव्याने बांधून घेतल्यात.